राखणदाराची जात

केंद्र सरकारच्या पशुसंवर्धन खात्याने १२ मार्च २०२४ रोजी सर्व राज्यांना एक पत्र धाडले. माणसाच्या जिवाला धोकादायक ठरू शकतील अशा २३ जातींच्या कुत्र्यांची आयात, पैदास आणि विक्री बंद करावी, असे त्यात म्हटले होते. वर्तमानपत्रांतून चार दिवस चर्चा झाली. पुढच्याच महिन्यात, संबंधितांशी सल्लामसलत न करता हे पत्र काढले गेले म्हणून कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द ठरवले. कायद्याचे जे व्हायचे ते होईल. मला कुतूहल वाटले ते त्या यादीचे. तीत झुंजीसाठी पैदा केलेले कुत्रे होते, हे समजण्यासारखे आहे. पण त्यांच्याच रांगेत तुर्कस्तानचे कांगाल आणि अकबाश, बाल्कनमधले शारप्लानिनाक आणि टॉर्न्याक, कॉकेशस, मध्य आशिया आणि दक्षिण रशिया इथले मेंढपाळी कुत्रे, अशी किमान सात नावे होती. या सातांचा पिढीजात धंदा एकच, मेंढरे राखणे.

म्हणजे ज्याच्या अंगाला टेकून कोकरे निर्धास्त झोपतात, तोच प्राणी धोकादायकांच्या यादीत जाऊन बसला. हे झाले कसे? यात दोष त्या कुत्र्याचा किती आणि आपला किती? उत्तर शोधायचे तर दोन-अडीच हजार वर्षे मागे आणि बरेच डोंगर ओलांडून जावे लागते. रविवारच्या निवांतपणात वाचकांनी तेवढी पायपीट माझ्याबरोबर करावी, अशी विनंती आहे.

हाकणारा आणि राखणारा

मेंढपाळाचा कुत्रा म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर दूरदर्शनवर पाहिलेला एक चपळ, काळा-पांढरा कुत्रा येतो. शीळ वाजली की तो धावतो, जमिनीलगत दबून बसतो, मेंढ्यांवर नजर रोखतो आणि साऱ्या कळपाला फाटकातून आत घालतो. हा इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवरचा बॉर्डर कॉली. याला मी हाकणारा कुत्रा म्हणेन. त्याची ती रोखलेली नजर आणि ते दबणे हा मुळात लांडग्याच्या शिकारीचाच पहिला अंक आहे. लांडगा पाहतो, दबा धरतो, पाठलाग करतो, चावतो आणि मारतो. कॉलीला माणसाने पिढ्यान्पिढ्या निवडून पाठलागापर्यंतच आणून थांबवले. मेंढ्या त्याला भितात आणि म्हणूनच तो त्यांना हाकू शकतो.

राखणारा कुत्रा हा अगदी वेगळ्या स्वभावाचा गडी. मोठे डोके, पडलेले कान, जड आणि संथ चाल. तो मेंढ्यांवर नजर रोखत नाही, त्यांच्यामागे धावत नाही. दिवसाचा बराचसा वेळ तो कळपात पेंगत पडलेला दिसतो आणि नवख्या माणसाला वाटते, किती आळशी जनावर आहे! पण वारा फिरला, परका वास आला की तो उठतो, कळप आणि तो वास यांच्या मधोमध जाऊन उभा राहतो आणि भुंकू लागतो. शिकारीची साखळी त्याच्यात जवळजवळ झोपी गेलेली असते. बुजलेले कोकरू समोरून उधळले तरी त्याला त्याच्यामागे पळावेसे वाटत नाही. हाकणाऱ्याला मेंढ्या भितात म्हणून तो कामाचा, राखणाऱ्याला मेंढ्या भीत नाहीत म्हणून तो कामाचा.

जगाच्या नकाशावर हे दोघे सरमिसळ झालेले दिसत नाहीत, त्यालाही कारण आहे. ब्रिटनमधला लांडगा काही शतकांपूर्वीच संपला. तिथे मेंढ्या राखण्याची गरज उरली नाही, हाकण्याची उरली. जिथे लांडगा आणि अस्वल टिकले, तिथे राखणारा टिकला. पोर्तुगाल-स्पेनपासून पिरेनीज, इटलीचे आपेनाइन, कार्पेथियन, बाल्कन, अनातोलिया, कॉकेशस आणि पार हिमालय-तिबेटपर्यंतच्या डोंगररांगांत तो पसरलेला आहे. आपल्या शहरी घरांत कुत्र्यांचे ज्ञान आले ते बहुतांशी इंग्रजी पुस्तकांतून, त्यामुळे हाकणारा आपल्या ओळखीचा झाला आणि राखणारा अनोळखीच राहिला.

ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याचा सल्ला

कुत्रा माणसाच्या सोबतीला आला तो मेंढीच्या कितीतरी आधी. निदान पंधरा हजार वर्षांपूर्वी तो माणसाच्या वस्तीला लागलेला होता. मेंढी आणि शेळी माणसाळली ती साधारण दहा-अकरा हजार वर्षांपूर्वी, पश्चिम आशियातल्या डोंगरउतारांवर. म्हणजे जो प्राणी हजारो वर्षे शिकाऱ्याच्या तळावर हाडे चघळत होता, त्याच्यासमोर एके दिवशी जिवंत मांस आणून बांधले गेले आणि 'खायचे नाही, राखायचे' असे सांगितले गेले. मला तर माणसाने कोणाही प्राण्याकडून करून घेतलेल्या कामांत हे सर्वांत अवघड काम वाटते. मराठीत 'कुंपणच शेत खाते' ही म्हण आहे. तसे होऊ नये म्हणून पहिल्या मेंढपाळांना किती कुत्री टाकून द्यावी लागली असतील!

होमरच्या 'ओडिसी'मध्ये वीस वर्षांनी भिकाऱ्याच्या वेषात परतलेला ओडिसियस आपल्याच डुकरे राखणाऱ्या चाकराच्या झोपडीशी येतो, तेव्हा तिथले चार आडदांड कुत्रे त्याच्यावर धावून येतात. तो शहाणा राजा काय करतो? हातातली काठी टाकतो आणि खाली बसतो. तेवढ्यात चाकर धावत येऊन कुत्र्यांना हाकलतो. पुढे इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने ग्रीसच्या वायव्येकडील मोलोसिया प्रांतातल्या कुत्र्यांविषयी लिहिले. तिथले शिकारी कुत्रे इतर ठिकाणच्यांसारखेच आहेत, पण मेंढ्यांबरोबर असणारे मात्र आकाराने आणि हिंस्र प्राण्यांना तोंड देण्याच्या धैर्याने सरस आहेत, असे त्याचे निरीक्षण आहे. दोन कामांचे दोन कुत्रे ही वाटणी तेव्हाच झालेली होती.

पण या विषयावरचा माझा आवडता लेखक म्हणजे रोमन पंडित वारो. इसवी सनापूर्वी ३७ मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, आता गाठोडे बांधायची वेळ आली हे ओळखून त्याने शेतीवर एक ग्रंथ लिहिला. त्यात मेंढरांच्या कुत्र्यांवर त्याने जे लिहिले आहे ते आजही एखाद्या पशुवैद्याने समोर ठेवावे असे आहे. कुत्रा शिकाऱ्याकडून किंवा खाटकाकडून विकत घेऊ नका, असे तो बजावतो. खाटकाचा कुत्रा कळपामागे चालायचा आळस करील आणि शिकाऱ्याचा कुत्रा ससा दिसला की कळप सोडून पळेल. कुत्र्याला जवाची भाकरी दुधात कुस्करून द्या. मेलेल्या मेंढीचे मांस मात्र खाऊ घालू नका, नाहीतर त्या चवीने त्याचा संयम सुटेल. हे म्हणजे त्या कुंपणाच्या म्हणीचेच रोमन रूप. रंग शक्यतो पांढरा असावा, म्हणजे अंधारात ओळखू येईल. पुढच्या शतकात कोलुमेलाने याचे कारण आणखी स्पष्ट केले: पहाटेच्या धूसर उजेडात लांडगा समजून आपल्याच कुत्र्यावर घाव पडू नये.

वारोने गळपट्ट्याचेही वर्णन केले आहे. जाड कातड्याचा पट्टा, त्यातून बाहेर डोकावणारे खिळे, आणि खिळ्यांची डोकी मानेला टोचू नयेत म्हणून आतून मऊ कातड्याचे अस्तर. पण त्याने दिलेले पुढचे कारण अधिक मार्मिक आहे. एका कुत्र्याच्या पट्ट्याने लांडगा एकदा जखमी झाला, की ज्यांच्या गळ्यात पट्टा नाही ते कुत्रेही सुरक्षित होतात. संरक्षणाचे सारे शास्त्र या एका वाक्यात आले. असेच काटेरी पट्टे तुर्कस्तानच्या पठारावर आजही कुत्र्यांच्या गळ्यात दिसतात.

वारोनेच एक हकीकत सांगितली आहे. पोंतियानस नावाच्या गृहस्थाने दूरच्या अंब्रिया प्रांतातले काही कळप विकत घेतले. सौद्यात कुत्रे होते, मेंढपाळ नव्हते. मेंढपाळांनी फक्त कळप दक्षिणेतल्या कुरणांपर्यंत पोहोचवून द्यायचा होता. त्याप्रमाणे ते पोहोचवून घरी परतले. काही दिवसांनी त्यांच्यामागोमाग कुत्रेही परतले, कित्येक दिवसांची वाट, मिळेल ते खात, कोणी न बोलावता! वारोचा निष्कर्ष असा की कुत्र्याला मेंढ्यांपेक्षा मेंढपाळाचा लळा अधिक लागतो. सौद्याच्या कागदावर कुत्रा मालमत्ता होता, कुत्र्याच्या लेखी तो कागद नव्हताच.

पायवाटेवरची वंशावळ

आता जातींकडे येऊ. या कुत्र्यांच्या उगमाविषयी हौशी मंडळींत अनेक दंतकथा आहेत. कोणी म्हणते सारे तिबेटी मॅस्टिफचे वंशज, कोणी म्हणते फिनिशियन व्यापाऱ्यांनी जहाजांतून आणले, कोणाला त्यांचे पूर्वज सुमेरमध्ये दिसतात. मार्को पोलोने तिबेटातले कुत्रे गाढवाएवढे असल्याचे लिहून ठेवले आणि त्या गाढवाने पुढे सातशे वर्षे पुष्कळ ओझे वाहिले. आपल्या घराण्याचे मूळ कुठल्यातरी राजाच्या दरबारात शोधण्याची हौस माणसाला आहे, तशी ती कुत्र्यांच्या मालकांनाही आहे.

खरी वंशावळ दरबारात नाही, पायवाटेवर आहे. मेंढपाळी म्हणजे एका जागी बसून करायचा धंदा नव्हे. उन्हाळ्यात डोंगरावर, थंडीत मैदानात. इटलीत आब्रुत्झोच्या डोंगरांतून पुलियाच्या मैदानात उतरणारे रुंद मेंढीमार्ग शतकानुशतके वाहत होते. स्पेनमध्ये मेंढीमालकांच्या 'मेस्ता' या संघटनेला १२७३ मध्ये राजा दहाव्या अल्फोन्सोने सनद दिली. देशभर तिचे राखीव मेंढीमार्ग होते आणि १८३६ पर्यंत तिचा अंमल चालला. या वाटांवरून मेंढ्या चालल्या, त्यांच्याबरोबर कुत्रे चालले, आणि वाटेत जिथे दोन कळपांचा मुक्काम शेजारी पडला तिथे त्यांची पिलावळही मिसळली. मेंढपाळाने वंशावळीची वही ठेवली नाही. जो कुत्रा राखतो तो ठेवायचा, जो कोकराला दात लावतो तो ठेवायचा नाही, एवढाच त्याचा नियम. त्यातच थंडी, उपासमार, लांडगा आणि लांबच लांब चाल यांनी आपली चाळणी लावली. जो उरला तो त्या डोंगराचा कुत्रा झाला.

नावेच पाहा ना. कांगाल हे तुर्कस्तानच्या सिवास प्रांतातल्या एका गावाचे नाव. शारप्लानिनाक शार पर्वताचा, एस्त्रेला पोर्तुगालच्या एस्त्रेला डोंगरातला, पिरेनियन पिरेनीजमधला. आपल्याकडच्या 'कर'ने संपणाऱ्या आडनावांसारखीच ही नावे. ती पत्ता सांगतात, कूळ नाही. अकबाश म्हणजे नुसते 'पांढरे डोके'. हंगेरीच्या मैदानातला कोमोंडोर तर अंगभर दोरखंडासारख्या जटा घेऊन हिंडतो. दुरून तो कळपातल्या मेंढीसारखाच दिसतो आणि लांडग्याचे दात त्या जटांत अडकतात. वारोला हवा असलेला पांढरा रंग पिरेनीज, आब्रुत्झो, पोलंडच्या तात्रा डोंगरांत आणि हंगेरीत दिसतो, तर तुर्कस्तान-कॉकेशसकडे पिवळसर, करडा रंग मेंढपाळांनी पसंत केला. काम तेच, पसंती गावोगावची.

कोकरांचा दूधभाऊ

पण केवळ रक्ताने राखणदार होत नाही. हे ज्याने फार सुंदर टिपून ठेवले तो माणूस म्हणजे चार्ल्स डार्विन. 'बीगल' जहाजाच्या प्रवासात १८३३ च्या नोव्हेंबरात तो आजच्या उरुग्वेमधल्या एका पशुपालकाच्या वाडीवर राहिला होता. जवळपास घर नाही, माणूस नाही, आणि मैलोन्‌मैल दूर एक-दोन कुत्रे मोठा कळप सांभाळताहेत, हे पाहून तो चकित झाला. त्याने चौकशी केली. पिल्लू अगदी लहान असताना आईपासून काढायचे. दिवसातून तीन-चार वेळा त्याला मेंढीचे दूध पाजायचे. मेंढवाड्यातच त्याच्यासाठी लोकरीचे अंथरूण करायचे. इतर कुत्र्यांत किंवा घरातल्या मुलांत त्याला मिसळू द्यायचे नाही. असा तो कोकरांचा दूधभाऊ होऊन वाढतो.

डार्विनने एक गंमतही नोंदवली आहे. हा कुत्रा रोज मांसाचा तुकडा नेण्यासाठी घरी येतो आणि तुकडा मिळताच जणू लाजून पळत सुटतो. घरचे कुत्रे, अगदी फालतू कुत्रेही, त्याचा पाठलाग करतात. पण कळपापाशी पोहोचताच तो गर्रकन वळून भुंकू लागतो आणि पाठलाग करणारे शेपूट घालून परततात. माणूस मोठा होतो तो त्याच्या खुर्चीवर, असे नोकरीत असताना आम्ही म्हणायचो. या कुत्र्याची खुर्ची म्हणजे त्याचा कळप.

आजचे विज्ञानही हेच सांगते. पिल्लाच्या आयुष्यातले तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून सुमारे तीन-साडेतीन महिन्यांपर्यंतचे दिवस नाती जुळण्याचे. त्या काळात ते ज्यांच्यात राहील ते त्याचे गणगोत. अमेरिकेत हॅम्पशायर कॉलेजच्या रेमंड आणि लॉर्ना कॉपिंजर या दांपत्याने १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात तुर्कस्तान, इटली आणि युगोस्लाव्हियातून असे कुत्रे नेले, त्यांची पिल्ले शेतकऱ्यांना दिली आणि वर्षानुवर्षे त्यांचे वागणे तपासले. चांगल्या राखणदाराचे तीन गुण त्यांनी सांगितले: मेंढ्यांना इजा न करणे, त्यांच्यापाशी राहणे आणि परक्याला अडवणे. यातला लढण्याचा भाग शेवटचा, तोही क्वचित येणारा. लांडग्याला दवाखाना नसतो. पाय मोडला तर त्याच्यापुढे उपासमार असते. म्हणून समोर भुंकणारा तगडा कुत्रा उभा दिसला, की तो हिशेब करून बहुधा मागे फिरतो. बँकेच्या दारातल्या बंदूकधारी पहारेकऱ्याने तीस वर्षांत एकही गोळी झाडली नाही, म्हणून त्याचा पगार फुकट गेला असे कोणी म्हणते का?

शिवाय हा कुत्रा उशिरा वयात येतो. पुरता भरवशाचा व्हायला त्याला दीड-दोन वर्षे लागतात. तोवर मेंढपाळाची नजर, दटावणी आणि कळपातल्या जुन्या कुत्र्याची संगत हीच त्याची शाळा.

कामाविना राखणदार

१८७३ मध्ये लंडनला केनेल क्लब स्थापन झाला आणि कुत्र्याच्या जातीला आजचा अर्थ आला: लेखी वर्णन, वंशावळीची नोंदवही, प्रदर्शनातले गुणांक. पुढे युरोपभर तशा संस्था निघाल्या. त्याच सुमारास पश्चिम युरोपातला लांडगा बंदुकीने आणि विषाने संपत आला होता. फ्रान्समध्ये तो १९३० च्या दशकापर्यंत नाहीसा झाला. लांडगा गेला, मेंढपाळ शहरात गेला, आणि राखणारा कुत्रा प्रदर्शनाच्या मांडवात आला. दुसऱ्या महायुद्धात हंगेरीतले कोमोंडोर आणि कुवास शेताघरांच्या दारांत उभे राहून मारले गेले आणि उरल्यासुरल्या मोजक्या कुत्र्यांतून जाती पुन्हा उभ्या कराव्या लागल्या. सोव्हिएत संघात मध्य आशियाई आणि कॉकेशियन कुत्र्यांना कळपातून काढून लष्करी आणि कारखान्यांच्या पहाऱ्यावर नेमले गेले. ज्याने परक्याला अडवायचे पण आपल्यांत मऊ राहायचे, त्याच्यातले 'आपले' काढून घेतले आणि 'अडवणे' तेवढे ठेवले. यादीतल्या बदनामीची बीजे मला इथे दिसतात.

गंमत अशी की लांडगा परत आला. १९७० च्या दशकाच्या आरंभी इटलीत शंभराच्या आसपास लांडगे उरले होते. त्यांना १९७१ पासून संरक्षण मिळाले, ते वाढले, आणि १९९२ मध्ये आल्प्स ओलांडून फ्रान्सच्या मर्कांतूर अभयारण्यात दाखल झाले. फ्रेंच मेंढपाळांची त्रेधा उडाली. त्यांच्या आजोबांना जे येत होते ते नातवंडे विसरली होती. आब्रुत्झोत मात्र लांडगा पूर्ण गेला नव्हता, म्हणून कुत्राही गेला नव्हता आणि विद्याही गेली नव्हती. फ्रान्सने पांढऱ्या पिरेनियन कुत्र्याला, ज्याला तिकडे प्रेमाने 'पातू' म्हणतात, पुन्हा कामाला बोलावले. आज आल्प्समधल्या पायवाटांवर फलक असतात: पुढे राखणीचे कुत्रे आहेत, सायकलवरून उतरा, शांत उभे राहा, काठी उगारू नका. अडीच हजार वर्षांपूर्वी ओडिसियसला हे फलकाविना ठाऊक होते.

अमेरिकेत १९७२ मध्ये सरकारी जमिनींवर हिंस्र प्राण्यांना विष घालण्यास बंदी आली, तेव्हा मेंढीमालकांनी याच कुत्र्यांचा आसरा घेतला. नामिबियात चित्ते शेळ्या मारतात म्हणून शेतकरी चित्ते मारीत. तिथल्या चित्ता संवर्धन निधीने १९९४ पासून शेतकऱ्यांना कांगाल-अनातोलियन जातीची पिल्ले द्यायला सुरुवात केली. कुत्रा भुंकतो, चित्ता पळतो, शेळी वाचते आणि चित्ताही वाचतो. १७ सप्टेंबर २०२२ रोजी मध्य प्रदेशातल्या कुनोमध्ये जे आठ चित्ते आले ते याच नामिबियातून. ऑस्ट्रेलियात वॉरनाम्बूलजवळच्या एका चिमुकल्या बेटावर कोल्ह्यांनी पेंग्विन जवळजवळ संपवले होते. कोंबड्या राखणाऱ्या एका शेतकऱ्याच्या कल्पनेवरून २००६ मध्ये तिथे इटलीचे मारेम्मा कुत्रे नेमले आणि पेंग्विन पुन्हा वाढले. कळप मेंढ्यांचाच हवा असा त्यांचा आग्रह नाही. ज्यांच्यात वाढवाल ते त्यांचे.

आपल्या दारचे राखणदार

आपल्याकडेही ही परंपरा आहे. काश्मीरच्या बकरवालांचा कुत्रा, चंबा-कांगड्याच्या गद्दी मेंढपाळांचा कुत्रा, उत्तराखंडचा भोटिया हे सारे त्याच डोंगरी माळेतले मणी. आणि महाराष्ट्रात? जेजुरीचा खंडोबा धनगरांचा देव. त्याच्या घोड्याबरोबर कुत्रा असतो, त्याचे भक्त वाघ्या म्हणवतात आणि देवापुढे कुत्र्यासारखे भुंकतातही. धनगराच्या मुलीला, बाणाईला, त्याने वरले. ज्या समाजाने आपल्या देवाच्या पायाशी कुत्रा ठेवला, त्याला राखणदाराची किंमत कळली नव्हती असे कोण म्हणेल?

माझ्या नोकरीची काही वर्षे माणदेशातल्या एका शाखेत गेली. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाखाली मेंढ्यांसाठी कर्जे दिली जात होती तो काळ. अर्जात मेंढ्यांचा रकाना, मेंढ्याचा रकाना, विम्याचा रकाना, कानातल्या बिल्ल्याचा क्रमांक, सारे होते. मी अर्ज भरत असताना एका म्हाताऱ्या धनगराने विचारले, "सायेब, मेंढरं लिवली, मेंढा लिवला. राखणीचं कुत्रं कुठं लिवलं?" मी म्हणालो, "आबा, त्याला रकाना नाही." त्यावर तो म्हणाला, "मग लांडग्याला तरी हाय का?" शाखेतले सगळे हसले. म्हातारा मात्र हसला नाही. तारणाची राखण करणारा तारणात धरला जात नाही, हे त्याने एका वाक्यात दाखवून दिले होते.

त्याच्या त्या कुत्र्याला जात नव्हती. गावठी म्हणता येईल असा, पण घोड्याच्या पाठीवरच्या बिऱ्हाडात कोकरांबरोबर वाढलेला. शेतात खतासाठी मेंढरे बसवली की रात्रभर तो जाळीभोवती फिरायचा. हा जिथे जन्मला आणि जसा वाढला, तसेच आब्रुत्झोतले आणि सिवासमधले कुत्रे जन्मले आणि वाढले. त्यांना कोणी लेखी वर्णन दिले, याला दिले नाही, एवढाच फरक.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कुत्रा कळपाचा नाही आणि माणसाचाही नाही, असा झाला की काय होते ते स्पितीच्या वरच्या खोऱ्यात दिसते. तिथल्या पाहणीत पाळीव जनावरे मारण्यात मोकाट कुत्र्यांनी हिमबिबट्यालाही मागे टाकल्याचे आढळले. आपल्या माळरानांवरही मोकाट कुत्रे लांडग्यांना रोग देतात, त्यांच्याशी त्यांचा संकरही होतो. प्राणी तोच. त्याला गणगोत दिले की राखतो, वाऱ्यावर सोडला की खातो.

म्हणून या विषयात माझे म्हणणे सरळ आहे. ज्यांना कांगाल किंवा कॉकेशियन पिल्लू हौसेने घ्यायचे आहे, त्यांनी आधी स्वतःला विचारावे: याला द्यायला माझ्याकडे कळप आहे का? रात्री जागण्याची, परक्याला अडवण्याची, स्वतःच्या बुद्धीने निर्णय घेण्याची शेकडो पिढ्यांची सवय ज्याच्या हाडांत आहे, त्याला पाचव्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत ठेवले, तर जिन्यात येणारा प्रत्येक दूधवाला, प्रत्येक पोस्टमन त्याच्या लेखी लांडगाच ठरणार. मग तो चावतो, मग बातमी होते, मग यादी होते. बंदी घालावी की नाही यावर मतभेद असू शकतात. पण धोका जातीत आहे असे म्हणून आपण सुटू शकत नाही. राखणदाराला कामावरून काढून शोभेला बसवले, त्या ठिकाणी धोका सुरू झाला.

आणि सरकारकडे मागायचे तर एवढेच. धनगरांचे, गद्दींचे, बकरवालांचे वाडे जिथे मुक्काम करतात तिथे मेंढ्यांना लस टोचायला माणसे जातात. त्याच फेरीत त्यांच्या कुत्र्यांनाही रेबीज आणि डिस्टेंपरची लस मिळावी. मेंढ्यांच्या विम्यात राखणीच्या कुत्र्याची नोंद व्हावी. लांडग्याने मेंढी मारली तर भरपाई द्यायची आणि मेंढी वाचवणाऱ्याला मात्र हिशेबात धरायचे नाही, हे कोणत्याही चोख जमाखर्चात बसत नाही. आणि मेंढीमार्ग टिकले पाहिजेत, कारण ती वाट मोडली की तो कुत्राही मोडतो. गद्दी कुत्र्याला अलीकडे राष्ट्रीय पातळीवर जात म्हणून नोंद मिळाली, ही आनंदाची गोष्ट. पण नोंदवहीत नाव चढले आणि कुरणे आटली, तर आणखी एक प्रदर्शनातला कुत्रा तेवढा तयार होईल.

वारोच्या पोंतियानसने कुत्रे विकत घेतले होते आणि तरीही ते त्याचे झाले नाहीत. पैसे मोजून जात मिळते. राखणदार मात्र कोकरांत वाढवावा लागतो आणि त्याच्या मागोमाग कोणीतरी माळावर चालावेही लागते. ते चालणारे अजून आपल्या राज्यात आहेत, दर साल दिवाळीनंतर घाट उतरतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. रस्त्यात त्यांचा कळप आडवा आला की आपण मोटारीचा भोंगा वाजवतो. पुढच्या वेळी भोंगा न वाजवता काच थोडी खाली करून पाहावे. कळपाच्या कडेने एक धुळकट, बिनजातीचा कुत्रा आपल्याकडे न बघता चाललेला असेल. तो कामावर आहे.